भिंतीला पाठ लावा

आण्णा मगदूम माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत. आधी गुडघे बघतात, मग कंबर, मग खांदे. तोंडापर्यंत पोचेस्तोवर समोरचा माणूस बहुतेक कंटाळून निघून गेलेला असतो. त्यामुळं आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांना आण्णा नावानं ओळखत नाहीत, दुखण्यानं ओळखतात.

आमच्याकडं सात पाटील आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही कारखान्यात तेवढे असतातच, त्यात काही विशेष नाही. पण आण्णांनी त्यांची वाटणी केलेली आहे. डाव्या गुडघ्याचा पाटील, टाचेचा पाटील, मणक्याचा पाटील, असे सात. "ताई, उजव्या खांद्याचा पाटील आज दिसंना," असं ते मला विचारतात. मी पर्सोनेल ऑफिसर. सगळ्यांची नावं, जन्मतारखा आणि रजा माझ्याकडं. तरी मला आधी खांदा आठवावा लागतो आणि मग माणूस. आमचे मॅनेजर निंबाळकर साहेब गळ्यात पट्टा घालून हिंडतात, म्हणून ते 'मानेचे साहेब'. नवीन माणसाला महिनाभर वाटत असतं की साहेबांचं आडनावच माने आहे. मी तरी कुठं सुटलेय? माझं नाव शोभा पोवार, पण माझ्या पाठीमागं मी 'खांदा धरलेल्या ताई'.

आमचा कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. पंचतारांकित म्हटल्यावर पुण्याचे पाहुणे काहीतरी भलतंच मनात धरून येतात, आणि गेटसमोरची धूळ आणि भज्याची गाडी बघून गप्प होतात. शेतीच्या पंपांचे भाग आम्ही बनवतो. ओतीव लोखंड येतं, ते लेथवर कातायचं, त्याला भोकं पाडायची, मग जोडणी. सगळं काम उभ्यानं, वाकून, उचलून. वीस-पंचवीस वर्षं असं काम केलं की माणसाचा कुठला ना कुठला सांधा कुरकुरायला लागतोच. आण्णा तिथले मशीन दुरुस्तीवाले. पण माझ्या मते मशीनदुरुस्ती हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा माणसांची मापं घेण्याचा.

गेल्या महिन्यात याच आण्णांना घरी पाठवायचा कागद माझ्या टेबलावर येऊन पडला. त्यावर मी काय लिहिते, त्यावर सगळं ठरणार होतं. पण ते सांगण्याआधी माणूस नीट कळायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, साठीचा माणूस, जाईल घरी, त्यात एवढं काय.

आठ वर्षांपूर्वी मी इथं नोकरीला लागले, त्याच दिवशी आण्णा माझ्या दारात उभे राहिले. सहा फूट उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल, आणि गळ्यात शिंप्याची पिवळी टेप. मला वाटलं, गणवेशाची मापं घ्यायला कुणीतरी आलंय. "बसा," म्हटलं. बसले नाहीत. वाकून माझ्या टेबलाखाली बघायला लागले. मी आवाज चढवला.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"पाय लोंबकळत्यात तुमचं."

खरंच लोंबकळत होते. मी पाच फुटाला दोन बोटं कमी, आणि खुर्ची आधीच्या आडदांड साहेबांची. आण्णांनी गळ्यातली टेप काढून माझ्यापुढं धरली. "गुडघ्यापासनं जमिनीपतोर धरा. तुमचं तुम्हीच धरा, मी तिकडं तोंड करतो." आणि खरोखर भिंतीकडं तोंड करून, हात मागं बांधून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली एक लाकडी पाट आला, उतरता, वर खरखरीत रबर ठोकलेला. आठ वर्षं माझे पाय त्याच्यावर आहेत. पाय टेकल्यापासून माझा राग कमी झालाय असं माझा नवरा म्हणतो. तो काय वाट्टेल ते म्हणतो.

टेप कापडीच का, असं मी त्यांना एकदा विचारलं. दुरुस्तीवाल्याच्या खिशात लोखंडी टेप असतेच की. "लोखंडाची टेप मशीनला लावायची," म्हणाले. "माणसाला ती गार लागती."

मापं लिहायला एक वही आहे. शिंप्याच्या दुकानात असते तशी, लांबट. एका माणसाला एक पान. उभ्यानं कोपर जमिनीपासून किती, बसल्यावर किती, हात वर कुठवर जातो, काय उचलवत नाही. सगळ्यात शेवटी एक ओळ असते, 'कुठं दुखतंय'. नुसतं बघून ते माप लिहीत नाहीत. माणसाला भिंतीपाशी नेतात आणि हुकूम सोडतात, "भिंतीला पाठ लावा." टाचा, कंबर, पाठ, डोकं, सगळं भिंतीला टेकलं पाहिजे. टाचेचा पाटील एकदा कुरकुरला, "आण्णा, मला आसं वाकूनच बरं वाटतंय, आसंच घ्या की." आण्णा खवळले. "वाकल्यालं माप मी घेत न्हाय. आज दुखतंय म्हणून वाकलाईस. उद्या सरळ हुशील, तवा काय करशील?"

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी मशिनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. आण्णांना तो दिवस म्हणजे पर्वणी. बाकीचे मशीनला हळदकुंकू लावतात आणि आण्णा मशीनवरच्या माणसाला धरून भिंतीला लावतात. साहेबांनी एकदा हाक मारली, "मगदूम, पूजा सुरू झाली, या." आण्णा टेप न सोडता म्हणाले, "ही बी पूजाच चाललीया."

आणि दिवसातून चार वेळा एक वाक्य. कुणाचं टेबल खाली आहे, कुणाचा दांडा आखूड आहे, कुणाला बटण दाबायला आडवं व्हावं लागतंय, दिसलं की आलंच. "लोखंड वाकतंय की. माणसाला कशाला वाकवतायसा?"

सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. मणक्याचा पाटील उंच आहे. त्याच्या पाठीसाठी आण्णांनी त्याचं टेबल नऊ इंच उचललं, खाली लोखंडी चॅनेल देऊन पक्कं वेल्डिंग केलं, आणि समाधानानं घरी गेले. दुसऱ्या पाळीला त्याच टेबलावर खोत म्हणून एक गृहस्थ असतात. ते माझ्यापेक्षा जेमतेम इंचभर उंच. खोत आले, डबा ठेवला, आणि बघतात तर टेबल छातीला. पालथ्या क्रेटवर चढून त्यांनी आठ तास काम काढलं, दोनदा पडले, आणि सकाळी गेटवर उभे राहून आण्णांना जे काही बोलले ते मला इथं लिहिता येणार नाही. तिसऱ्या दिवशी भंगारातून जुन्या जीपचा जॅक घेऊन आले आणि टेबलाखाली बसवला. आता पाळी बदलताना खोत अकरा आटे फिरवून टेबल खाली घेतात आणि सकाळी पाटील अकरा आटे फिरवून वर. दोघांचं बोलणं अजून बंद आहे, पण टेबलावरून नाही.

आता आमच्या पाच टेबलांना जॅक आहेत. बाहेरून पाहुणे आले की साहेब त्यांना तिथं हमखास नेतात आणि सांगतात, वयस्क कामगारांसाठी ही आमच्या मॅनेजमेंटची कल्पना. मागं उभे असलेले आण्णा मान हलवतात. "व्हय, मानेच्या साहेबांचीच. खाली पडल्याली टाचणी त्येंना उचलाय येत न्हाय, तवा सुचली."

सखारामची गोष्ट मात्र मी कुणालाही सांगते. सखाराम शाहूवाडीकडचा, जोडणी खात्यातला. घरी म्हशीचं दावं हाताला गुंडाळून उभा होता, म्हैस बुजली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. बोल्ट-वायसर चिमटीत धरायचं काम. साहेब मला म्हणाले, "याचा राजीनाम्याचा कागद तयार ठेवा, बिचारा आता काय करणार." आण्णा सुट्टीच्या दिवशी दोन एसट्या बदलून सखारामच्या घरी गेले. हातात केळी नाहीत, बिस्किटं नाहीत, पिवळी टेप. गेल्या गेल्या म्हणाले, "हात दाव. कामाला कवा येतोस?"

सखारामची बायको चुलीपासून उठून आली. "पावणं, माणूस अजून बरा न्हाय आणि तुमी मापं कसली घेतायसा?"

"माप घेतल्याबिगर त्यो बरा हुनार न्हाय बाई," आण्णा म्हणाले.

पंधरा दिवसांनी सखाराम कामावर आला. हातात कातड्याचा मोजा, तळव्याला आतून लोहचुंबक शिवलेलं, मोडक्या लाउडस्पीकरमधलं. मूठभर वायसरवर हात फिरवला की ती तळव्याला चिकटतात आणि तो एकेक करून अंगठ्यानं सरकवतो. साहेब तरी का-कू करत होते. आण्णा त्यांना म्हणाले, "म्हशीनं बोटं नेली दोन. डोस्कं ठेवलंय की जाग्यावर." आता जोडणीत सखारामच्या हाताला कुणी पोचत नाही. पहिला पगार झाल्यावर तो आण्णांच्या पाया पडायला गेला, तर आण्णांनी पाय मागं घेतले. "उगंच वाकू नकोस. जा, कामाला लाग."

अशा या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती. फेट्याची. आमच्याकडं निवृत्त होणाऱ्याला खुर्चीत बसवून फेटा बांधतात, शाल देतात, नारळ देतात. आण्णा त्या कार्यक्रमाला यायचे, पण दाराशी उभे राहायचे. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातसुद्धा त्यांनी फेटा बांधून घेतला नाही. "फेटा बांधला की माणूस खुर्चीत बसतोय," म्हणायचे, "आणि एकदा बसला की उठत न्हाय." अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर एकदा आणि एकोणसाठला एकदा, अशी त्यांची मुदत आम्ही दोनदा वाढवली होती. घरी कुणी नाही. बायको चार वर्षांपूर्वी गेली, लेक निपाणीकडं दिलेली. ती फोनवर "आण्णा, इकडंच या की" म्हणत राहते आणि आण्णा "बघू" म्हणत राहतात.

आणि गेल्या महिन्यात ते मशीनखाली गेले आणि बाहेर येईनात. आम्हाला वाटलं काम चाललंय. पाऊण तासानं खालून बारीक आवाज आला, "सखाराम, जरा वड की मला."

कंबर धरली होती. दोघांनी धरून उठवलं तेव्हा आण्णा काटकोनात उभे होते, आणि तशा अवस्थेत मला म्हणाले, "काय न्हाय ताई, पाना पडलाय खाली, त्यो बघाय लागलोय."

डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. साहेबांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. "पोवार, मला आनंद होतोय होय? पण उद्या खाली अडकून काही झालं तर त्यांच्या लेकीला काय सांगायचं? ते काम करू शकतील असं तुम्ही लिहून देत असाल तर मी सही करतो. नाहीतर तीस तारखेला सत्कार ठरवा. फेटेवाला चांगला बघा."

मी टेबलापाशी येऊन बसले, पाय पाटावर ठेवले. मग सखारामला बोलावलं, आणि आण्णांच्या कपाटातून ती वही काढली. म्हटलं, त्यांनी सगळ्यांचं केलं, आपण त्यांचं करू. चाकावरची फळी करू, म्हणजे मशीनखाली सरकत जाता येईल. त्यांच्या उंचीचं स्टूल करू. वहीत सगळे होते. साती पाटील होते, खोत, वॉचमन, कँटीनची मावशी, पट्ट्यासकट साहेब, मी. शेवटपर्यंत पानं उलटली. सखाराम म्हणाला, "म्याडम, आण्णांचं माप कुणी घेतलंच न्हाय."

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पेठ वडगावला त्यांच्या घरी गेलो. आण्णा चौकट धरत दारात आले. "या की, या की," म्हणाले, आणि माझ्या पर्सबाहेर लोंबणारं टेपचं टोक त्यांना लगेच दिसलं.

"माझं माप घ्याला आलाईसा व्हय?"

"होय."

"खुळी झालाईसा. बसा, च्या टाकतो."

ते आत गेले. मी बसले नाही, मागोमाग गेले. मला लोकांची स्वयंपाकघरं बघायची सवय आहे, वाईट म्हणा हवं तर.

ती खोली अरुंद होती आणि तिथला ओटा माझ्या मांडीला लागत होता. एवढा बुटका ओटा मी जन्मात बघितला नव्हता. नळाला वीतभर लांब दांडी जोडलेली. गॅसच्या बटणांना तशाच लांब दांड्या. पळी, उलथनं, सांडशी, सगळ्यांच्या मुठींवर सायकलची ट्यूब गुंडाळून त्या जाड केलेल्या. डब्यांच्या झाकणांना सुतळीचे फास, हात घालून ओढायला. कोपऱ्यात चाकांची एक खुर्ची, जुन्या लुगड्याचं धडपं घडी घालून अंथरलेली. आणि या सगळ्यापुढं सहा फुटी आण्णा, कमरेत पार मोडून, एक हात गुडघ्यावर टेकवून, चहा ढवळत होते.

मी आणि सखारामनं एकमेकांकडं बघितलं. दोन इंच खाली असलेलं टेबल ज्या माणसाला सहन होत नाही, तो घरात असा उभा होता. मी घाईघाईनं टेप काढली आणि त्यांचं लक्ष पातेल्यात आहे तोवर कोपराची उंची मोजली. सखारामनं जमिनीशी टोक धरलं आणि आकडा लिहिला. माप मिळाल्याच्या आनंदात होतो आम्ही.

"आण्णा," मी म्हटलं, "हा ओटा तुमच्या मापाचा नाही की."

"न्हायच. तिच्या मापाचा हाय."

चहा त्यांनी कपात ओतला. मग भिंतीला धरून माजघरात आले, बसले, आणि कपाकडं बघत सांगायला लागले. त्यांच्या बायकोला, सुनंदाक्कांना, संधिवात होता. पहिली दोन वर्षं त्यांनी सांगितलंच नाही. "भाकरी जाड व्हाय लागली. मी म्हनलं, हातात जीव न्हाय व्हय तुझ्या? हसली नुसती. परत म्हनलं, मीठ सारखं न्हाय, कणीक घट झालीया. रोज कायतरी काढायचो. एक दिस कामावनं लौकर आलतो. बघतोय तर बाई कोपरानं पीठ मळाय लागलीया. बोटं मिटत नव्हती, सांगंल कुणाला? सांगितलं तर सैपाक काढून घेतील म्हणून भ्याली हुती." आण्णांनी कपाची कड अंगठ्यानं पुसली. "दुनियाची मशिनं सुदारतोय मी, आणि घरातलं माणूस दिसलं न्हाय. त्या दिशी पयलं माप घेतलं. तिचं."

ओटा त्यांनी स्वतः हातोडा घेऊन खाली आणला, तिला खुर्चीत बसून पोचेल इतका. दांड्या, ट्यूबा, फास, सगळं नंतर एकेक करून. "शेवटपतोर सैपाक तिनंच केला. दिवस बुडायच्या आत माझं ताट वाढून तयार असायचं. कुणाचा हात लागू दिला न्हाय तिनं."

मला खरं म्हणजे तिथं रडू येत होतं. पण मला रडू आलं की मी आधी भांडते. "आण्णा, चार वर्षं दिवसातून तीनदा तुम्ही तिथं असे मोडून उभे राहताय. आणि आम्हाला वाटतंय, मशीनखाली कंबर गेली. कारखान्यात मी दहा स्टुलं करून घेईन, पण रोज इथं वाकायचं असलं तर काम करू शकतील असं मी कुठल्या तोंडानं लिहू? ओटा उचला. गवंडी मी पाठवते. लोखंड वाकतंय, माणसाला कशाला वाकवताय, हे कोण म्हणतं? ओटा उचलला नाही, तर तीस तारखेला फेटा आहे."

आण्णांनी कप खाली ठेवला.

"मग फेटा बांधा ताई," म्हणाले. "वट्याला हात लावायचा न्हाय."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. त्यांचा राग आला होता आणि माझाही आला होता. सखाराम मोज्यातलं चुंबक अंगठ्यानं चाचपत होता. शिरोली आली तेव्हा म्हणाला, "म्याडम, वटा उचलायचाच कशाला? त्येच्या मोकळ्या बाजूला, वरनं दुसरा ठेवू की. खालचं काय हलवायचं न्हाय."

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत साती पाटील आणि आपल्या पाळीआधीच येणारे खोत त्याच्यामागं होते. मणक्याचा पाटील आणि खोत एकमेकांशी न बोलता एकाच पाइपची दोन टोकं धरत होते. चौकोनी पाइपची घोडी, पायांना रबराचे बूड, वर गुळगुळीत फळी, ओट्याच्या मोकळ्या अर्ध्यावर बसेल अशी. माझ्या घरची विजेची शेगडी मी दिली. रिक्षात घालून आम्ही वडगावला नेली. आण्णा दारातच अडवत होते, पण सखाराम म्हणाला, "खालच्याला काय बी लावत न्हाय आण्णा, निस्तं वर ठेवतोय," तेव्हा बाजूला झाले.

घोडी बसवली. आण्णा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले, फळीवर हात ठेवले, आणि थोडे वाकले. आधीपेक्षा कमी, पण वाकलेच. एकदा फळीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं.

"माप कुणी घेतलं ह्येचं?"

"मी," म्हटलं.

"कवा?"

"तुम्ही चहा करत होता तेव्हा."

"भिंतीला पाठ लावलीती माझी?"

सखाराम जमिनीकडं बघायला लागला. आणि मग आण्णांनी आम्हाला जे झाडलं ते तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या मूळ आवाजात. आठ वर्षं काय शिकलाईसा, वाकल्याल्या माणसाचं माप घेतल्यावर त्यो जल्मभर वाकलेलाच ऱ्हानार का न्हाय, सखाराम तुझं माप मी आसं घेतलंतं का, आणि पाइप पक्का कशाला जोडलासा, जॅक कुठाय, जॅक लावायचं कुणाला सुचलं न्हाय. मी आयुष्यात इतक्या आनंदानं बोलणी कधी खाल्ली नव्हती.

दम लागला तेव्हा थांबले. मग स्वतःच भिंतीकडं गेले. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर, पेन्सिलची एक आडवी रेघ होती, बाजूला बारीक अक्षरात 'सुनंदा'. सदरा घासून ती पुसेल म्हणून आण्णा हातभर बाजूला सरकले. टाचा टेकवल्या. कंबर टेकवली तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं, पण सोडली नाही. मग पाठ. मग, बऱ्याच वेळानं, डोकं. चार वर्षांत हा माणूस या खोलीत पहिल्यांदाच सरळ उभा असावा.

"घ्या आता," म्हणाले.

आधीच्यापेक्षा चार इंच जास्त भरलं. मी वहीत त्यांच्या नावाचं नवं पान काढलं आणि एकेक लिहीत गेले. शेवटच्या ओळीला पेन थांबलं. "आण्णा, कुठं दुखतंय?"

"कंबर. आणि काय?"

मी 'कंबर' लिहिलं.

घोडीला जॅक बसला. डॉक्टर म्हणाले, कामाला हरकत नाही, वाकायचं काम नको. मी कागदावर तसं लिहिलं आणि साहेबांनी मुदत वाढवली. मशीनखाली आता सखाराम जातो, चाकाच्या फळीवरून, आणि आण्णा त्यांच्या मापाच्या स्टुलावर बसून त्याला वरून सांगतात, निम्मं कामाचं आणि निम्मं शिव्यांचं. फेटेवाल्याला मी नको म्हणून कळवलं, तेव्हा साहेबांच्या तोंडावरही हायसं वाटल्याचं दिसलं, पट्टा असला तरी.

गेल्या सुट्टीला सकाळीच मी वडगावात काही कामाला गेले होते, तेव्हा आण्णांकडं डोकावले. ते घोडीपुढं ताठ उभे राहून विजेच्या शेगडीवर माझ्यासाठी पोहे परतत होते. बघून बरं वाटलं. मग खाली लक्ष गेलं. बुटक्या ओट्यावर, गॅसवर, एक छोटं पातेलं होतं आणि त्यातून वाफ येत होती.

"आण्णा, हे काय?"

त्यांनी सावकाश वाकून बटणाची ती लांब दांडी फिरवून गॅस बंद केला, चहा एका कपात गाळला, आणि कंबर धरत सरळ झाले.

"सकाळचा एक कप खालीच करतो ताई," म्हणाले. "एवढं वहीत लिहू नका."